वच्छी, विषयाच्या दोन्ही बाजूंनी

देवमन सिरसाट हे नाव तुमच्या कानावर आलं नसेल. येणार तरी कुठून? करंडकाच्या फोटोत पोट्टे असतात, प्राचार्य असतात, संस्थेचे कोणीतरी भाऊसाहेब असतात, आणि करंडकाला आपलाही एक हात लागावा म्हणून मधे घुसलेले दोन-चार जण असतात. सिरसाट सर फोटो काढत असतात. पण अकोला-अमरावतीकडच्या ज्या पोरापोरींनी गेल्या वीसेक वर्षांत वक्तृत्वाची नाहीतर वादविवादाची बक्षिसं घरी नेली, त्यांतल्या निम्म्यांच्या तोंडी या माणसाचे शब्द होते. हे मी फुगवून सांगत नाही. फुगवून सांगायचं काम सरांचं. आणि सर म्हणायचं ते पोट्ट्यांनी, आपण देवमनच म्हणू.

देवमन अकोटच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. तासिकेवर. ही भानगड ज्यांना ठाऊक नाही त्यांनी स्वतःला भाग्यवान समजावं. पावसाळ्यात नेमणूक, उन्हाळ्यात घरी, आणि पुन्हा पावसाळ्यात त्याच खुर्चीसाठी नव्यानं मुलाखत. मुलाखत घ्यायला कधीकधी आपलाच जुना वर्गमित्र समोर बसलेला, आणि तो चष्मा पुसत विचारणार, "हां सिरसाट, अनुभव किती तुमचा?" जागा निघेल निघेल म्हणत देवमनचे केस पिकले. जागा निघाली नाही.

अशा माणसाला कॉलेजात किंमत मिळवायची तर कोणाला नको असलेलं काम अंगावर घ्यावं लागतं. देवमननं स्पर्धा घेतल्या. विषयाचं पत्रक आलं की पोट्टे त्याच्याकडे धावत, आणि तो पहिलं विचारी, "बाजू कोणती?"

"चिठ्ठी तिथंच काढनार हायेत, सर."

"मंग दोन्ही लिहून देतो. पाठ करा."

आपल्याकडे हे असंच चालतं. बोलणारा एक, लिहिणारा दुसरा, आणि परीक्षकाला दोन्ही माहीत. यात कोणाला काही वावगं वाटत नाही. भाषणाचा त्याचा साचा ठरलेला होता. सुरुवातीला चार ओळी, मग आकडे, मग समोरच्याला एक चिमटा, आणि शेवट राखून ठेवायचा तो प्रसंगासाठी. "प्रसंग पाहिजे लेका," तो सांगे. "आकडा आयकून जज मान हालवते. प्रसंग आयकून डोये पुसते. आन डोये पुसनारा मानूस मार्क कमी देत नाही." प्रसंगांचा त्याच्याकडे तोटा नव्हता. पण हुकमी प्रसंग एकच, आणि तो वच्छीचा.

वच्छी ही देवमनची सख्खी मोठी बहीण. वत्सला खुशालराव सिरसाट. बार्शीटाकळीहून आत, फाट्यावर उतरून चालत जायचं, असं त्यांचं गाव. देवमन दुसरीत असताना वच्छीला कावीळ झाली. आधी गावातच झाडपाला झाला, कोणीतरी डोक्यावरून काहीबाही उतरवलं, आणि पोरगी डोळे उघडेना तेव्हा बापानं तिला खांद्यावर टाकून फाट्यावर आणलं. मागे माय, आणि मायच्या लुगड्याला धरून देवमन. फाट्यावर अकोल्याला जाणारी काळी-पिवळी जीप उभी होती. या जीपांचा कायदा तुम्हाला माहीत असेल. सगळ्या सीटा भरल्याशिवाय, नाहीतर सगळ्यांचं भाडं एकट्यानं मोजल्याशिवाय, ती जागची हलत नाही. ड्रायव्हर झाडाखाली बसला होता. तो म्हणाला, सीटा भरू द्या. मायनं वच्छीला मांडीवर घेतलं आणि ते सगळे जीपमध्ये बसून राहिले. बाजाराचा दिवस नव्हता. माणसं येईनात. जीप हलली तेव्हा वच्छी गेलेली होती.

झालं ते एवढंच. घरात पुन्हा कोणी त्याचं नाव काढलं नाही. पोरीचा फोटोही नव्हता, की तो पाहून कोणी रडावं.

बोलला तो देवमन, आणि तोही ठरवून नाही. बी.ए.ला असताना चौदा एप्रिलला विहारासमोरच्या स्टेजवर त्याचं भाषण होतं. पाठ केलेलं सगळं ऐनवेळी साफ झालं. माइक हातात घामेजला, आणि तोंडून निघालं, "माही बहीण वच्छी." मग थांबेचना. समोरच्या बायांनी पदर तोंडाला लावले, म्हातारे खाली पाहायला लागले. स्टेजवरून उतरल्यावर कोणीतरी पाठीवर थाप हाणली, "काय बोल्ला लेका! आंगावर काटा आला!" त्या थापेनं घात केला, असं माझं म्हणणं आहे. देवमनला त्या दिवशी कळलं की आपल्याजवळ हे आहे.

पुढे अकोल्यात असताना माधवी ही त्याची पहिली चेली. गुणी पोरगी, आवाज असा की शेवटच्या रांगेतला पेंगणारा माणूसही सावरून बसावा. राज्यस्तरावरच्या स्पर्धेसाठी देवमननं तिला वच्छी लिहून दिली. "माझी बहीण" म्हणून. कागद वाचून पोरीनं विचारलं, "सर, हे खरं आहे का?"

हो म्हटलं असतं तर तिची जीभ रेटली नसती, आणि करंडक हातचा गेला असता. देवमन म्हणाला, "तुले काय करायचं? तू फक्त रड." माधवी बरोबर जागेवर रडली आणि करंडक घेऊन आली. त्या दिवशी देवमन अकोल्यात एखाद्या नवरदेवासारखा हिंडला.

मग दरवर्षी वच्छी लागायला लागली. पण परीक्षक इकडून तिकडे तेच तेच असतात, त्यांच्या कानावर एकदा पडलेलं पुन्हा कसं चालणार? म्हणून देवमन तिला बदलत गेला. कधी ती धारणीच्या जंगलातली बाळंतीण झाली. कधी अकोटची नवी सून, कधी कोणाची म्हातारी आजी. कावीळ गेली, ताप आला, साप आला, हृदयविकार आला. विषयाच्या बाजूनं बोलायचं तरी वच्छी, विरोधात बोलायचं तरी वच्छी. "मोबाइल: शाप की वरदान" या विषयावर तर त्यानं कमाल केली. वरदान म्हणणाऱ्या पोराची वच्छी मोबाइल नसल्यामुळे मेली, आणि शाप म्हणणाऱ्या पोरीची वच्छी जीपमधले सगळे मोबाइलमध्ये तोंड घालून बसले होते म्हणून मेली. दोघांनाही बक्षीस. आता अशा माणसाला काय म्हणावं! बदललं नाही ते एकच, शेवटचं वाक्य. मरणारी पोरगी बापाला, आणि आजी असली तर लेकाला, म्हणते, "बाबा, सगळ्या सीटा आपल्याच धरा ना." हे वाक्य पडलं की परीक्षकाचा हात रुमालाकडे गेलाच पाहिजे. इतकं चालणारं वाक्य कोण बदलतं?

यंदा जानेवारीत अमरावतीला वादविवादाचं शिबिर झालं. माधवी आता तिथं पक्की प्राध्यापिका आहे, डॉक्टर माधवी, शिबिराची प्रमुख. तिनं मुद्दाम फोन केला, "सर, तुम्ही पाहिजेच. तुमच्याशिवाय शिबिर कसलं?" देवमन आपले दोन पोट्टे घेऊन गेला. एक ललित, अकोटच्या कापसाच्या जिनिंगमधल्या मुकादमाचा पोरगा, डोकं वकिलाचं. दुसरी पौर्णिमा, बार्शीटाकळीकडचीच. तिची वऱ्हाडी काही केल्या सुटत नव्हती, म्हणून देवमननं तिला भाषण न देता उलटतपासणीला ठेवलं होतं.

शिबिराचा दुसरा दिवस अभ्यासाचा आणि संशोधनाचा. सकाळी गिला वडा खाऊन सगळे सभागृहात बसले आणि माधवी मॅडमनं सुरुवातीलाच सांगितलं, "आपल्या भागातल्या वक्त्यांचं एक दुखणं आहे. आपण पुरावा देत नाही, रडवतो. आज ते काढायचं." प्रत्येक जोडीनं स्पर्धांमधून नेहमी ऐकू येणारा एक प्रसंग निवडायचा, तो खरा की बनावट हे शोधायचं, आणि सगळ्यांसमोर मांडायचं. बनावट निघाला तर फळ्यावर "बाद" या शब्दाखाली त्याचं नाव लिहायचं, आणि यापुढे तो कोणी वापरायचा नाही. कामाला आधीपासून वेळ दिलेला होता, विषय मात्र कोणी कोणाला सांगायचा नव्हता, आपल्या सरांनाही नाही. देवमनला ही कल्पना मनापासून आवडली. त्यानं टाळ्याही वाजवल्या.

तीन-चार जोड्या झाल्या. कुठल्याशा देशातल्या कुठल्याशा शास्त्रज्ञाचा किस्सा बाद झाला, एका सैनिकाच्या आईचं पत्र बाद झालं. देवमन मागच्या रांगेत पाय पसरून मजेत ऐकत होता. मग ललित आणि पौर्णिमा उठले. ललितनं मोबाइल पडद्याला जोडला आणि म्हणाला, "आमचा प्रसंग आहे, काळी-पिवळीतली मुलगी."

देवमननं पाय आत घेतले.

पडद्यावर एक पोरगी आली. कुठल्यातरी जुन्या स्पर्धेतली, मान तिरकी, डोळे वर. "बाबा, सगळ्या सीटा आपल्याच धरा ना!" ती रडली. मग एक पोरगा आला, मूठ आवळून ओरडला, "सगळ्या सीटा आपल्याच धरा ना!" मग आणखी एक जण, कुजबुजत. मग एक साडी नेसलेली, गुडघ्यावर बसून. ललितनं फक्त तेवढंच वाक्य कापून एकामागे एक लावलं होतं. तिसऱ्यापासून सभागृहात खुसखुस सुरू झाली. पुढे पुढे तर चेहरा आला की पोट्टेच आधी म्हणायला लागले, "सगळ्या सीटा!" आणि हास्याचा नुसता कल्लोळ. मॅडमही तोंडावर हात ठेवून हसत होत्या.

हसू नये कशाला? हसण्यासारखंच होतं ते. कोणाची चूक नव्हती. पण मागच्या रांगेत एक माणूस बसला होता आणि त्याची बहीण पडद्यावर पुन्हा पुन्हा मरत होती, आणि प्रत्येक मरणाला टाळी पडत होती.  त्यानं शेजारच्या खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"गोष्ट एक, मुली अनेक," ललित सांगत होता. बोलणं कसं खणखणीत, शिकवलं तसंच. "कुठं धारणीची बाळंतीण, कुठं अकोटची सून, कुठं बार्शीटाकळीची आजी. आजार वेगळा, नातं वेगळं, साल वेगळं. वाक्य मात्र तेच. आम्ही तेवढ्यावर थांबलो नाही. पौर्णिमाच्या गावाकडच्या फाट्यावर गेलो, जुन्या जीपवाल्यांना भेटलो. असं काही घडल्याचं एकालाही आठवत नाही. तेव्हा आमचा निष्कर्ष असा, की ही गोष्ट कोणीतरी टेबलावर बसून लिहिली आहे. अशी कोणी मुलगी मेलेलीच नाही."

टाळ्या पडल्या. माधवी मॅडम उभ्या राहिल्या. "आता मी एक कबूल करते. हा प्रसंग मीसुद्धा सांगितलाय. त्यावर करंडक आणलाय. सरांनीच लिहून दिला होता मला." त्यांनी मागे पाहिलं, "सर, तुमच्याच पोरांनी आज तुम्हालाच चीत केलं की हो! या ना पुढं, दोन शब्द बोला."

सगळ्या माना मागे वळल्या. चेहरे हसरे, मायेचे. देवमननं नुसतं "हाव, मीच लिहिलं" म्हणून कान पकडले असते तरी सभागृह खूश झालं असतं, आणि जेवणाला वेळेवर सुट्टी झाली असती. ललितनं खडू उचलला होता. फळ्यावर आता वच्छी जाणार होती, आणि "मेलेलीच नाही" म्हणून जाणार होती. जी मेलीच नाही ती जगली तरी कशावरून? तिच्यासाठी या जगात उरलेली माणसं दोन. एक म्हातारी माय, आणि दुसरा हा.

"थांब ललित," देवमन म्हणाला. "ते माही बहीण होती."

 ललितनं खडू खाली घेतला, पण डोळ्यांत चमक होती त्याच्या. "पुरावा, सर?" त्यानं विचारलं. उद्धटपणानं नाही हं. कोणी काही म्हणालं की पहिलं पुरावा मागायचा, हे त्याला देवमननंच शिकवलं होतं.

देवमन माइकपाशी आला. त्यानं मनाशी ठरवलं की लिहिलेलं एक अक्षर बोलायचं नाही. जे झालं तेच सांगायचं, साधं, जसं घरात सांगतात तसं. "मी दुसरीत होतो," त्यानं सुरुवात केली. "बहिणीले कावीळ झाली." इथवर ठीक होतं. मग फाटा आला, आणि त्याच्या आवाजानं आपोआप खालची पट्टी धरली. काळी-पिवळी आली आणि तो आपोआप थांबला, जिथं थांबायला त्यानं पिढ्यान्‌पिढ्यांच्या पोट्ट्यांना शिकवलं होतं तिथंच. ड्रायव्हर झाडाखाली बसला होता. कोणत्या झाडाखाली? एकाला त्यानं बाभूळ लिहून दिली होती. दुसरीला कडुनिंब, कारण तिच्या तोंडी तो शब्द चांगला बसे. खरं झाड कोणतं होतं? देवमननं आठवायची शिकस्त केली. डोळ्यांपुढे झाड येईना, आला तो कागद. त्यावरची त्याचीच खाडाखोड.  वच्छीचा चेहरा आठवावा म्हटलं, तर पडद्यावरच्या पोरी एकीमागे एक आल्या. तो खरोखर घाबरला, आणि घाबरलेल्या माणसाचा गळा जसा दाटतो तसा त्याचा दाटला. हात वर गेला. तोंडातून वाक्य निघून गेलं.

"बाबा, सगळ्या सीटा आपल्याच धरा ना."

अख्खं सभागृह उठून उभं राहिलं. टाळ्या, शिट्ट्या, बाकं बडवणं. मघाशी हसणाऱ्या पोरी आता डोळे पुसत होत्या. ललित खडूसकट टाळ्या वाजवत होता आणि त्याच्या हातातून पांढरी भुकटी उडत होती. माधवी मॅडमनं माइक घेतला. "बघितलंत? प्रसंग बनावट आहे हे आत्ताच सिद्ध झालंय. तरी रडलात ना? याला म्हणतात सादरीकरण. असा वक्ता आता वऱ्हाडात होणे नाही. सर, खरंच, हात जोडले तुम्हाला!"

"खरं हाये ते," देवमन म्हणाला. माइक त्याच्याजवळ नव्हता. टाळ्यांत ते कोणाला ऐकू गेलं नाही.

ललितनं फळ्याकडे वळून "बाद"खाली लिहिलं, काळी-पिवळीतली मुलगी.

जेवणाच्या रांगेत पौर्णिमा ताट घेऊन त्याच्या मागे येऊन उभी राहिली. ती टाळ्या वाजवणाऱ्यांत नव्हती. इकडे तिकडे पाहून हळूच म्हणाली, "सर, खरंच होती का तुमची बहीण?"

"हाव."

"मंग त्या दिवशी आंगात काय होतं तिच्या?"

साधा प्रश्न. माहेरच्या कोणाबद्दल बायका विचारतात तसला. देवमननं तोंड उघडलं. लाल झगा त्यानं माधवीसाठी लिहिला होता. शाळेचा निळा स्कर्ट तर शिक्षणावरच्या विषयासाठी. ठिगळाचं परकर-पोलकं गरिबीच्या विषयासाठी. तो पौर्णिमाकडे पाहत राहिला. पौर्णिमानं नजर ताटात घातली. "याद नसन, सर. जाऊ द्या," ती म्हणाली, आणि भाजी घ्यायला पुढे सरकली. तिला त्याची कीव आली होती, आणि ती त्याला दिसली.

देवमननं ताट तिथंच ठेवलं, पिशवी उचलली आणि कोणाला न सांगता स्टँडवर गेला. अमरावतीहून अकोला, अकोल्याहून बार्शीटाकळी, पुढे फाटा. खिडकीतून हरभरा दिसत होता, तुरी दिसत होत्या, वच्छी दिसत नव्हती. फाट्यावर उतरल्यावर त्यानं झाड शोधलं. रस्ता रुंद करताना सगळी झाडं गेलेली. एका टपरीपुढे लोखंडी बाकडं होतं आणि त्यावर दोघं जण मोबाइल पाहत बसले होते. तो गावाकडे चालायला लागला. आता एकच जागा उरली होती. वच्छी ज्या मांडीवर गेली ती मांडी अजून होती, आणि तिला तरी विसर पडला नसणार, या एका गोष्टीवर त्याचे पाय चालत होते.

पार्बताबाई ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. दिवस बुडायला आला होता. लेकाला पाहून ती चरकली. "कावून आला रे असा अदमधात? बरं हाये ना समदं घरी?"

"बरं हाये, माय." तो तिच्यापुढे खालीच बसला. थोडा वेळ त्यानंही शेंगा सोलल्या. मग म्हणाला, "माय, एक इचारू? वच्छी गेली त्या दिवशी तिच्या आंगात काय होतं?"

पार्बताबाईचा हात थांबला. तिनं खूप वेळ आठवून पाहिलं. कपाळाला आठ्या पडल्या, ओठ हलले. "तूच सांगतं ना लेका," ती म्हणाली. "लाल झगा."

"ते मी लिहिलं, माय. खरं काय होतं?"

"आता ते मले काय मालूम?"

"तुया मांडीवर होती ते!" देवमन ओरडलाच. "मी लहान होतो. तुले नाही त कोनाले मालूम राहीन?"

"वरडू नको," पार्बताबाई शांतपणे म्हणाली. "होती माह्या मांडीवर. पयले मले दिसे तिचं तोंड. रोज दिसे, भाकर थापतानी, धुनं धुतानी. कोनापाशी बोललो नाही आमी, पन दिसे. मंग तू जयंतीले सांगतलं. मंग त्या माधवीनं सांगतलं, तू मले अकोल्याले घेऊन गेलता पाहा. काय रडली ते पोरगी, बाप्पा! मंग तू दरसाली ते मोबाइलमंधी आनून दाखोत गेला." तिनं सोललेले दाणे सुपात लोटले. "आता वच्छी म्हनलं का मले त्या माधवीचं तोंड दिसते. माह्या पोरीचं नाही दिसत."

 देवमन डोकं गुडघ्यात घालून बसून राहिला. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण रडायचं कसं हे त्यानं इतक्या जणांना शिकवलं होतं, की आता त्याला स्वतःच्या रडण्याचाही भरवसा वाटेना.

"सांग ना," पार्बताबाई म्हणाली.

"काय?"

"वच्छीचं सांग. आलाच हायेस त सांग. तू सांगतलं का मले रडू येते. नाही त येत नाही आता, कितीबी याद केली तरी."

देवमननं मान वर केली. नाही म्हणायचं त्याच्या मनात होतं. पण माय त्याच्या तोंडाकडे पाहत होती, हातातली शेंग तशीच धरून. मग त्यानं सांगितलं. जेवढं खरं आहे असं त्याला अजून वाटत होतं तेवढंच. हात न हलवता, पट्टी न बदलता. कावीळ झाली होती. बाबानं खांद्यावर आणलं. जीप उभी होती. तुया मांडीवर होती. माणसं आली नाहीत. जीप निघाली तेव्हा ते नव्हती. चार-दोन वाक्यांत सगळं संपलं.

पार्बताबाई वाट पाहत राहिली. डोळे कोरडेच होते.

"आन सीटाचं?" तिनं विचारलं.

"माय..."

"ते रायलं ना, बापू. सीटाचं सांग."

देवमननं आवाज खाली आणला, जिथं थांबायचं तिथं थांबला, आणि ते वाक्य म्हणाला. पार्बताबाईनं पदर डोळ्यांना लावला आणि अंधार पडेपर्यंत आपल्या पोरीसाठी रडली.